मोरकीवरची घोडी

मैत्रिणींनो, या सदरात आपण पापडखारापासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळं बोललो. घोड्याचा विषय मात्र कधी निघाला नव्हता आणि निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण तुळशीच्या लग्नानंतर ताईकडे हिवरखेडला आठ दिवस राहून आले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. लिंबाच्या लोणच्याला पाणी का सुटतं असं ज्यांनी विचारलंय, त्यांना पुढच्या आठवड्यात नक्की सांगते. आज घोडी.

हिवरखेड म्हणजे अकोला जिल्ह्यातलं, तेल्हारा तालुक्यातलं. अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडेही एक हिवरखेड आहे. ताईकडच्या लग्नाची एक पत्रिका तिकडे फिरून आली, म्हणून मुद्दाम सांगते. गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. खाली कपाशी, तूर, केळी आणि पानपिंपरीचे मळे. पूर्वी अकोल्याहून खांडव्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलं की थेट हिवरखेडला उतरायचं. ती गाडी २०१७ साली बंद झाली. आता अकोटला उतरते आणि पुढे एसटी.

तर गेल्या मे महिन्यात ताईच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं लग्न झालं. मुलगी शहाद्याकडची. लग्न मुलाकडेच, दारात मांडव घालून. वरातीला पांढरी घोडी ठरवली होती. गळ्यात घुंगरू, पाठीवर मखमली झूल, डोक्यावर तुरा. मारुतीच्या देवळापासून वरात निघाली, बँड लागला, कुणा हौशी पोरानं घोडीच्या अगदी तोंडापुढे फटाक्यांची लड लावली. घोडी बिचकली. तिला धरणाऱ्यानं लगामाला जोरात हिसका दिला. तशी ती दोन पायांवर उभी राहिली आणि नवरदेव फेट्यासकट खाली. डाव्या हाताचं मनगट मोडलं. डॉक्टरकडे जाऊन प्लास्टर घालून येईपर्यंत मुहूर्त टळला. पोरानं हार घातला तो एका हातानं.

इथवर झालं ते होतं एकेका लग्नात. पण पुढे जे झालं ते वाईट. अक्षता पडायच्या आधीच मांडवात कुजबुज सुरू झाली. 'पांढऱ्या पायाची आहे वं.' तुम्हाला माहीत आहे हा शब्द. कुणी म्हटलं ते कळत नाही, कुणाला विचारताही येत नाही, आणि एकदा घरात शिरला की बाहेर निघत नाही. आमची ताई तशी मनानं वाईट नाही. पण नवी सून घरात आली आणि महिन्याभरात दूध नासलं, मोटर जळली, कपाशीवर बोंडअळी आली, की ताई काही बोलायची नाही, नुसती सुनेकडे बघायची. फोनवर मला एवढंच म्हणायची, "आता काय बोलू वं मी. जे दिसते ते दिसते."

त्यात भाऊजींनी एक करून ठेवलं. त्या घोडीचा मालक तिला कमी पैशात विकायला निघाला होता, 'हिला वेड लागलं' म्हणून. भाऊजींना जनावरांचं वेड लहानपणापासून. त्यांनी तीच घोडी विकत घेतली आणि गोठ्याशेजारी आणून बांधली. ताईनं दोन दिवस जेवण सोडलं. "ज्या जनावरानं पोराचा हात मोडला ते माह्या दारात?" आणि खरं सांगते, तेव्हा मलाही ताईचंच म्हणणं पटलं होतं.

घोडी कुणाला तोंडाजवळ हात लावू देईना. चंदी टाकायला गेलं तरी मान वर फेकायची. सालदार मामा तेवढे जवळ जायचे. आणि दुसरी जायची ती सून. पहाटे सडा घालायला उठली की आधी गोठ्याकडे. तिचे वडील घोड्यांचे शौकीन. शहाद्याजवळ तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची मोठी यात्रा भरते, तिथला घोड्यांचा बाजार नामांकित आहे. त्या बाजारात ती बापाचं बोट धरून लहानाची मोठी झालेली. पण नव्या सुनेनं हे कुणाला सांगायचं? ती आपली घोडीच्या बाजूला नुसती उभी राहायची. ताईला वाटायचं, काम चुकवते.

भाऊबीजेला सुनेचा मोठा भाऊ आला. हा गुरांचा डॉक्टर. मधे दोन वर्षं अमेरिकेत कॅलिफोर्नियाकडे गुरांच्या एका मोठ्या कुरणावर कामाला होता आणि तिथल्या जुन्या पद्धतीनं घोडा शिकवायला शिकून आला. त्यानं घोडी पाहिली, तिचं तोंड पाहिलं, आणि भाऊजींना म्हणाला, मला पाच दिवस द्या. भाऊजी म्हणाले, पाच दिवस घ्या, पण आम्हालाही शिकवा. असं ते शिबिर ठरलं. शिबिर कसलं, दोन घोड्या आणि सात माणसं. दुसरी घोडी शेजारच्या एकांची, म्हातारी आणि शहाणी. शिकायला भाऊजी, मामा, शेजारची दोन शाळकरी पोरं, सून, मी आणि माझ्या आग्रहावरून ताई. ताई आली ती फक्त मी एकटी पडेन म्हणून. भाचा मात्र आला नाही. 'मले नाही पाह्यचं,' एवढं बोलून दुकानावर निघून गेला.

पहिल्या दिवशी सकाळी मळ्यात बाजेवर त्या डॉक्टरनं एक लोखंडी वस्तू ठेवली. वरातीच्या दिवशी घोडीच्या तोंडात होता तो लगाम. मालकानं घोडीबरोबरच देऊन टाकलेला. सुनेनं तो फडक्यात बांधून इतके महिने जपून ठेवला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तोंडात जाणाऱ्या दांडीवर खिळ्यासारखे काटे होते. बारीक, पण काटेच. डॉक्टरनं तो माझ्या मनगटावर ठेवला आणि दोन्ही बाजूंनी अगदी हलके ओढला. मैत्रिणींनो, मी ओरडले.

मग त्यानं सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते. लगामाची दांडी बसते ती तिथं. त्या हिरडीखाली लगेच हाड. साधी गुळगुळीत दांडीसुद्धा जोरात ओढली की तिथं लागतं, मग काट्यांचं काय विचारता. घोडीच्या हिरडीवर जुन्या जखमांचे वण होते, जिभेच्या कडेला एक खाच होती. "मावशी," तो म्हणाला (आम्हा दोघींनाही तो मावशीच म्हणतो), "फटाक्याला घोडी बिचकली हे खरं. पण उभी राहिली ती तोंडातल्या दुखण्यानं. पुढे गेली तर आग, थांबली तर काटे. वर जाण्याशिवाय तिला जागाच ठेवली नव्हती."

ताईनं तो लगाम उचलला. एकेका काट्यावरून बोट फिरवलं. खाली ठेवला. काही बोलली नाही. सून खाली मान घालून उभी होती.

हा काटेरी लगाम वापरायला कायद्यानंच बंदी आहे, आणि ती आजकालची नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांविषयी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. त्यातला आठवा नियम सांगतो, की काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम, जू किंवा काठी जनावराला वापरायची नाही. म्हणजे बैलाला टोचायची तुतारीची आरसुद्धा त्यात आली! हे ऐकून भाऊजी चपापले. मामा मात्र गालात हसले. त्यांच्या तुतारीला आर नसतेच.

आता ती अमेरिकेतली जुनी पद्धत. तिथल्या घोडेस्वारांना 'वाकेरो' म्हणतात. नाव भारदस्त वाटतं, पण स्पॅनिश भाषेत 'वाका' म्हणजे गाय आणि 'वाकेरो' म्हणजे गुराखी. आपल्या वऱ्हाडात म्हणायचं तर ढोरकी! स्पेनचे लोक मेक्सिकोत गेले तेव्हा गुरं आणि घोडे बरोबर घेऊन गेले. १७६९ सालापासून कॅलिफोर्नियात त्यांची ख्रिस्ती मठांची ठाणी वसली. मठांची गुरं वाढली, ती राखायला माणसं हवीत, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांनाच घोड्यावर बसायला शिकवलं. कॅलिफोर्नियातले पहिले वाकेरो बहुतेक हेच. कातडी आणि चरबी यांच्या व्यापारावर ते सगळं चालायचं. पुढे १८४८ मध्ये तो मुलूख अमेरिकेकडे गेला, सोनं सापडलं, माणसांची रीघ लागली आणि मोठी मोठी कुरणं मोडली. पण वाकेरोची घोडा शिकवायची रीत नेवाडा, ओरेगॉन अशा कोरड्या भागात टिकून राहिली. स्पॅनिशांनीही ती बरीचशी अरबांकडून उचललेली, असं डॉक्टर म्हणाला.

त्या रीतीत घाई नाही. घोडा चारेक वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडात लोखंड घालत नाहीत. आधी नाकावर बसणारी एक विणलेली कडी. कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून ती केलेली असते, हनुवटीखाली तिची जड गाठ लोंबते आणि त्या गाठीला घोड्याच्या केसांचा वळलेला दोर. स्वारानं हात नुसता उचलला की गाठ हलते, घोड्याला कळतं आणि तो ओढायच्या आधीच वळतो. याच्यावर वर्ष-दोन वर्षं काढतात. मग नाकावर बारीक कडी आणि तोंडात लगाम अशी दोन्ही एकत्र, म्हणजे घोडा तोंडात दांडी नुसती धरायला शिकतो, हुकूम मात्र नाकावरूनच येतो. हळूहळू हुकूम लगामाकडे जातो. यात चार-पाच वर्षं सहज जातात. याचं एक साधं कारणही आहे. घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के यायला पाच वर्षं लागतात. आपल्या पोरांचे दात हलत असताना त्यांना ऊस सोलायला देतो का आपण?

डॉक्टरनं ती विणलेली कडी पिशवीतून काढून दाखवली. मामांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "हे तं मोरकी हाये."

आणि खरंच, मोरकीच ती! वऱ्हाडात गोऱ्ह्याला शिकवायला घेतलं की जाणता माणूस लगेच नाक टोचून येसण घालत नाही. आधी तोंडावर दोराची मोरकी. ती धरून रोज थोडं फिरवायचं. मग एखाद्या म्हाताऱ्या, शांत बैलाच्या जोडीला लावायचं आणि मागे लाकडाचा हलका ओंडका बांधायचा. म्हातारा बैल थांबला की गोऱ्हा थांबतो, म्हातारा चालला की गोऱ्हा चालतो. मामांनी आयुष्यभर हेच केलं. पण त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि आम्ही रोज पाहत असून पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून डॉक्टर आणि मामा दोघं मिळून शिकवू लागले. एक सांगायचा अमेरिकेचं, दुसरा हिवरखेडचं, आणि गोष्ट एकच निघायची.

आता आम्ही काय शिकलो ते. पहिल्या दिवशी कुणालाही घोडीवर बसू दिलं नाही. पोरं हिरमुसली. तासभर नुसतं रिंगणात उभं राहायचं. घोडीला डोळ्यांच्या बाजूंनी जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळापुढचं आणि अगदी शेपटीमागचं. म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूनं, तिरपं. नाकासमोर हात घेऊन धावत जायचं नाही, मागून तर नाहीच. तिचे कान पाहायचे. कान तुमच्याकडे वळला म्हणजे लक्ष तुमच्याकडे. मागे चपटा झाला तर तुम्ही मागे व्हा. एक पाऊल पुढे जायचं, तिची मान ताठली की थांबायचं, आणि तिनं मान खाली घेतली, ओठ चाटले, की आपण मागे सरायचं. मागे का? तर हेच तिचं बक्षीस. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. त्यामुळे सोडायची वेळ चुकली तर सगळं चुकलं.

हे ऐकायला सोपं आहे. दुपारी डॉक्टरनं एक दोर आणला आणि आम्हाला जोड्या पाडायला सांगितल्या. एकीनं डोळे मिटून दोराचं मधलं टोक दोन्ही हातांत धरायचं, म्हणजे ती घोडी. दुसरीनं मागे उभं राहून दोन टोकं धरायची, म्हणजे ती स्वार. तोंडानं बोलायचं नाही. माझी जोडी ताईशी. आधी ताई घोडी झाली. मला वाटलं, मी किती हलक्या हातानं चालवतेय. दोन मिनिटांत ताई डोळे उघडून म्हणाली, "तू वळवते ते समजते वं. पण वळल्यावर सोडत कुठं? ओढतच राह्यते." साठीला आलेल्या बाईला धाकट्या बहिणीचा हा स्वभाव माहीत असणारच, पण दोरावरून तो इतका कळावा! माझ्या घरी हे विचारलंत तर आमचे 'हे' मान डोलावतील, म्हणून त्यांना हा अंक दाखवणार नाही.

मग मी घोडी आणि ताई स्वार. तिचं उलटं. तिला दोर ताणायची भीतीच वाटेना, उलट हिसका दिल्याशिवाय समोरच्याला कळणारच नाही अशी तिची खात्री. माझे खांदे दुखून आले. डॉक्टर म्हणाला, "मावशी, आधी विचारा, मग थोडं मोठ्यानं विचारा. हिसका शेवटी. तुम्ही शेवटापासूनच सुरू करताय." सगळे हसले. ताई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी जोड्या बदलल्या. ताईच्या वाट्याला सून आली. दोघींपैकी कुणालाच ते नको होतं हे चेहऱ्यांवर दिसत होतं, पण सगळ्यांसमोर नाही कोण म्हणणार? सुनेनं पदर खोचला, डोळे मिटले, दोर धरला. ताईनं मागून टोकं उचलली. मळ्यात बांधावरून, पाटाच्या कडेनं, पानपिंपरीच्या मांडवाखालून त्या दोघी चालल्या. पाटापाशी ताई एकदम थबकली, दोर तिनं इतका हळूच मागे घेतला की आम्हाला कळलासुद्धा नाही, आणि सून थांबली. पाण्यापासून पाऊलभर अलीकडे. परत आल्या तेव्हा सुनेनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, तुमचा हात किती हलका आहे." ताईनं दोर गुंडाळून खाली ठेवला आणि चहा ठेवायला म्हणून घरात गेली. चहा व्हायला त्या दिवशी बराच वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी पांढरीला मोरकी घातली. मामांनी जुन्या सुती दोराची केली होती, नाकावर येणाऱ्या भागाला मऊ धोतराची पट्टी गुंडाळून. तिनं तोंड वर फेकलं. डॉक्टर तसाच हात लावून उभा राहिला, ओढलं नाही, हात काढलाही नाही. मान खाली आली की हात खाली. असं वीस-पंचवीस वेळा. मी मोजत होते आणि मग मोजायची विसरले. तोंडात लोखंड येत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं एक मोठा श्वास सोडला, नाकपुड्या फडफडल्या. माझ्या घशात उगाच काहीतरी दाटून आलं.

ही समजूतदार रीत त्या देशातही मधल्या काळात मागे पडली होती. घोडा 'मोडायचा', म्हणजे दमवून हरवायचा, अशीच सर्रास चाल. ओरेगॉनचे बिल आणि टॉम डॉरन्स हे दोघे भाऊ आणि त्यांच्याकडे शिकलेला रे हंट यांनी पुन्हा लोकांना हे सांगायला सुरुवात केली. रे हंट गावोगाव जाऊन असली छोटी शिबिरं घ्यायचा. २००९ साली तो वारला. तो शिबिरात म्हणे घोड्याची बाजू घ्यायचा, माणसाची नाही. आमच्या डॉक्टरलाही ती सवय लागलेली दिसली. माझ्याकडून काही चुकलं की तो घोडीलाच विचारायचा, "काय गं, मावशी काय म्हणतायत ते कळलं का तुला?"

चौथ्या दिवशी मी बसले! म्हाताऱ्या घोडीवर, सलवार-कुर्ता घालून, बाजेवर चढून. पोटात गोळा. लगाम नाही, नुसती मोरकी. डॉक्टरनं सांगितलं, थांबायचं असेल तर दोराला हात लावू नका, आधी श्वास सोडा आणि कंबर सैल सोडा. मी म्हटलं, असं कुठं असतं? पण श्वास सोडला आणि घोडी थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मी घाबरून दोर धरला तेव्हा मात्र थांबली नाही, चार पावलं पुढेच गेली. त्याचा अर्थ मी अजून लावते आहे. उतरल्यावर मांड्या दोन दिवस आखडल्या होत्या. ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांनी उगाच हौस करू नये. डॉक्टरी सल्ल्याशिवाय तर नाहीच.

सुनेचं बसणं वेगळं. पाचव्या दिवशी ती पांढरीवर बसली, खोगीर न घालता. ताईच्या तोंडून निघालंच, "अवं लोकं काय म्हन्तीन!" त्यावर मी म्हटलं, ताई, आपल्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या शंकरपटात बायका जोड्या हाकतात, त्यांना पाहायला गाव लोटतं. मधे २०१४ साली कोर्टानं पट बंद केले होते, डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळाली, आणि बायका पुन्हा कासरा धरून उभ्या राहिल्या. मग आपल्या मळ्यात आपली सून घोडीवर बसली तर कुणाच्या बापाचं काय जातं? हे जरा जोरातच बोलले मी. पोरं टाळ्या वाजवायला लागली आणि पांढरी दचकली. सुनेनं नुसता हात तिच्या मानेवर ठेवला. घोडीचे कान मागे वळले, तिच्याकडे. उभी राहिली नाही.

बांधावर मोटारसायकल थांबलेली होती. भाचा. कधी आला कोण जाणे. तो खाली उतरला नाही, पण गेलाही नाही.

आता ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांच्यासाठी थोडं. घोडी ठरवताना झूल आणि तुरा पाहून ठरवू नका. लगाम मागून घ्या आणि तोंडातल्या दांडीवरून स्वतःचं बोट फिरवा. काटे लागले तर सरळ नको म्हणा आणि का नको तेही मालकाला सांगा. घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यांत जखमा किंवा फेसात रक्त दिसलं, पाठीवर झुलीखाली घट्टे दिसले, तर दुसरी पाहा. फटाके वरातीच्या पुढे खूप लांब लावायचे किंवा लावायचेच नाहीत, आणि हे काम घरातल्या एका जबाबदार माणसाकडे आधीच सोपवायचं. त्या वेळी सांगून कुणी ऐकत नाही. बँडवाल्यांना घोडीच्या कानाशी उभं करू नका. नवरदेवाच्या पुढे-मागे पोरं बसवायची हौस आवरा. मधे पाणी पाजा. गूळ किंवा हरभरा द्यायचा तर तळहात सपाट उघडा ठेवून, बोटं मिटून नव्हे. आणि नवरदेवाला आदल्या दिवशीच पाच मिनिटं त्या घोडीजवळ उभं करा. याला पैसे पडत नाहीत. मालकाचं काय होईल असंही मनात येतं. तोही पोटासाठीच करतो, त्याला त्याच्या बापानं तेच शिकवलं. म्हणून भांडण करू नका, पण काटेरी लगामाला पैसेही देऊ नका.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या एक काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. नेहमीप्रमाणे लग्नाचा विषय निघाला आणि 'काय बाई नशीब, नवरदेवाचा हातच मोडला, पायगुणच म्हणायचा' अशी सुरुवात झाली. ताई आत गेली. मला वाटलं, विषय नको म्हणून गेली. तर फडक्यात बांधलेला तो लगाम घेऊन बाहेर आली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवला. "पायगुण पायगुण काय करतां? हा पाहा. बोट लावून पाहा." काकूंनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. ताई म्हणाली, "हे त्या मुक्या जनावराच्या तोंडात होतं. सूनबाईनं पाह्यलं म्हनून समजलं. आपन चार पोरं वाढवली, आपल्याले नाही दिसलं." काकूंनी कुंकू लावून घेतलं आणि दुसऱ्या विषयावर गेल्या.

सून स्वयंपाकघरात होती. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं त्या घरात.

परवा ताईचा फोन आला. भाचा रोज संध्याकाळी गोठ्यापाशी जाऊन उभा राहतो म्हणे, कुंपणाच्या बाहेर, अजून आत गेलेला नाही. डॉक्टरनं सांगून ठेवलंय, त्याला कुणी हाक मारायची नाही. ताईनं खरा फोन केला होता तो वेगळ्याच कामासाठी. सुती मोरकी चंदीच्या लाळेनं कडक झाली, ती साबणानं धुतली तर चालेल का, घोडीच्या नाकाला साबण झोंबणार नाही ना? मी सांगितलं, साबण नको, रिठ्याच्या पाण्यात रात्रभर भिजव, तीनदा साध्या पाण्यातून काढ आणि सावलीत वाळव. तुमच्याकडे गाय-वासरं असतील तर त्यांच्या दाव्यांनाही हेच करता येईल.

पुढच्या आठवड्यात लिंबाचं लोणचं.